कमी वेळेचा कोर्स आणि गणिताचे एक मास्तर

आमच्या भाईंदरहून चर्चगेट लोकल पकडली की दीड तासाच्या घुसमटीनंतर माणूस बाहेर फेकला जातो तो थेट महर्षी कर्वे रोडवर. स्टेशनातून ओव्हल मैदानाकडे जायचं तर हाच रस्ता ओलांडावा लागतो. परीक्षेच्या कागदपत्रांसाठी फोर्टला जाताना मी तो कितीतरी वेळा ओलांडला. पाटी वाचली, पण माणूस कोण याचा विचार कधी केला नाही. शाळेत असताना महर्षी कर्वे म्हणजे स्त्री शिक्षण, महर्षी कर्वे म्हणजे भारतरत्न, दोन मार्कांचं उत्तर. पाठ केलं, लिहिलं, विसरलो. आपल्या बहुतेक अभ्यासाचं असंच होतं, नाही का?

मग या वर्षी अंकासाठी मी कर्व्यांवर का लिहितोय? त्यासाठी आधी माझी केटी सांगावी लागेल.

मी डिप्लोमावाला. म्हणजे थेट दुसऱ्या वर्षाला आलेला. हॉस्टेलमधल्या डिप्लोमावाल्यांना पुढचं सांगायला नको. वर्कशॉप, ड्रॉइंग यांत आम्ही राजे, आणि एम-थ्रीचा तास सुरू झाला की आमची मान खाली. पहिल्या वर्षाची दोन गणितं आम्ही केलेलीच नसतात आणि एम-थ्री तर त्यांच्याच डोक्यावर उभं. त्यावर उपाय म्हणून मी आणि माझा एक मित्र सुट्टीत एका खासगी क्लासला गेलो. (नाव घेत नाही.) दीड महिन्यात दोन्ही गणितं संपवण्याची हमी होती. फीसाठी बाबांनी मालकाकडून उचल घेतली. क्लासने खरोखरच सगळं संपवलं. रोज चार तास फळा भरायचा आणि पुसला जायचा. शेवटी चाळीस सोडवलेल्या गणितांचा एक गठ्ठा हातात दिला आणि एवढं घोका म्हणून सांगितलं. आम्ही घोकलं. पेपरात तीच गणितं आली, पण कुठे लिमिट बदललेली, कुठे चिन्ह उलटं. माझी लेखणी पहिल्याच पायरीवर थांबली. मला एक केटी लागली. मित्राचं वर्ष गेलं, आणि तो सामान बांधून गावी निघून गेला. त्याला बसवून देताना दोघंही फारसं बोललो नाही.

बाबा भाईंदर पूर्वेला नवघर रोडजवळच्या एका गाळ्यात स्टीलची भांडी करणाऱ्या प्रेसवर काम करतात. निकाल लागल्यावर मी दोन दिवस तिथेच जाऊन बसलो. घरी आईसमोर बसवत नव्हतं. तिथे सपाट गोल सर्कल डायवर ठेवतात, वरून पंच येतो आणि सर्कलचं पातेलं होतं. पण खोल डबा हवा असेल तर तो एका दाबात होत नाही. जोर लावला तर पत्रा तळाच्या कडेला फाटतो. आधी उथळ ओढायचा, मग भट्टीत तापवून मऊ करायचा, मग पुन्हा ओढायचा. आपण याला डीप ड्रॉइंग आणि ॲनिलिंग म्हणून पाच मार्कांना लिहितो. बाबांनी ते शब्द कधी ऐकले नाहीत. पण माझ्याकडे बघून ते एवढंच बोलले की तुमच्या क्लासवाल्याने एकाच दाबात डबा काढायला बघितला. मी हसलो, पण ते डोक्यात राहिलं. मग प्रश्न असा पडला : वेळ खरंच कमी असेल तर काय करायचं? ज्याच्याजवळ चार वर्षं नाहीत, त्याने खोल शिकूच नये का?

या प्रश्नाचं उत्तर मला आपल्या लायब्ररीतल्या मराठी कपाटात मिळालं. केटीचं पुस्तक शोधायला गेलो आणि कर्व्यांचं १९१५ सालचं आत्मवृत्त हाती लागलं. पहिली पंचवीस पानं उभ्यानेच वाचली. पुढची गोष्ट त्यांच्या इंग्रजी आत्मचरित्रात, १९३६ च्या लुकिंग बॅकमध्ये आहे. दोन्ही वाचल्यावर मला कळलं की ज्यांना आपण समाजसुधारक म्हणून हार घालतो ते आधी गणिताचे मास्तर होते, आणि कमी वेळाच्या पदवीचा एक मोठा प्रयोग त्यांनी आपल्या महाराष्ट्रात १९१६ साली करून ठेवलाय.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या शेरवली गावी, आजोळी. घर दापोलीजवळच्या मुरुडला. घरची स्थिती बेताची. वडील देशावर कोरेगावला नोकरीला. मुरुडला मराठी शाळा होती, पण सहावीची सरकारी परीक्षा द्यायला बाहेरगावी जावं लागे. १८७५ च्या पावसाळ्यात अण्णा आणि त्यांचे सोबती निघाले. समुद्रमार्गे मुंबई गाठावी तर हवा खराब, म्हणून साताऱ्याचा रस्ता धरला. पाठीवर ओझं, वर पाऊस, मध्ये कुंभार्ली घाट, आणि शंभर मैलांहून जास्त चाल. चार दिवसांत पोहोचले. परीक्षेला बसायला वय सतरा लागे. अण्णांचं वय तेवढं भरलेलं होतं, पण अंगाने किरकोळ. समितीच्या प्रमुखाला ते सतरा वर्षांचे वाटेनात. परवानगी नाकारली. झालं! एवढं चालून पेपरही न पाहता परत. ती परीक्षा ते नंतर पास झाले.

हा प्रसंग शाळेच्या पुस्तकांत चिकाटीचं उदाहरण म्हणून येतो. मला त्यात दुसरंच दिसलं. ज्ञान होतं, तयारी होती, अडलं कुठे? तर दारावरच्या नियमात. पुढे आयुष्यभर हा माणूस अशाच दारांशी झगडत राहिला. कुणाला वयामुळे, कुणाला वैधव्यामुळे, कुणाला इंग्रजी येत नाही म्हणून बंद झालेली दारं.

इंग्रजी त्यांनी उशिरा सुरू केलं. आधी रत्नागिरी, मग मुंबईची रॉबर्ट मनी शाळा. मॅट्रिक झाले १८८१ मध्ये, तेविसाव्या वर्षी. म्हणजे आपल्यातले डिप्लोमावाले उशिरा आलो म्हणून खंत करतात त्यांनी हे लक्षात ठेवावं. विल्सन आणि मग एल्फिन्स्टन कॉलेज, आणि १८८४ ला गणित घेऊन बी. ए. पुढे मुंबईत शाळांमधून गणित शिकवणं, पहाटे उठून शिकवण्या, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पायी. याच काळात त्यांनी आपल्या नात्यातल्या रघुनाथ परांजपे या मुलाच्या शिक्षणाला हात दिला. हाच मुलगा पुढे केंब्रिजला जाऊन १८९९ मध्ये सीनिअर रँग्लर झाला. रँग्लर परांजपे म्हणतात ते हेच.

१८९१ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी बोलावलं म्हणून कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले आणि १९१४ पर्यंत तिथे राहिले. म्हणजे जवळपास तेवीस वर्षं. त्याच १८९१ साली त्यांच्या पत्नी राधाबाई वारल्या. दुसरं लग्न कुमारिकेशी करणं त्या वेळी सहज शक्य होतं. अण्णांनी ११ मार्च १८९३ रोजी विधवाविवाह केला. गोदूबाई या त्यांच्या मित्राची बहीण, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. लग्नानंतरच्या त्या आनंदीबाई, आणि सगळ्यांच्या बाया. मुरुड गावाने बहिष्कार टाकला. गावी गेलं तर आईला भेटणंही अवघड झालं. बोलून भांडण्याचा अण्णांचा स्वभाव नव्हता. ते सहन करत आणि काम वाढवत.

१८९६ ला त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो पुण्याबाहेर हिंगण्याला नेला. तेव्हा हिंगणे म्हणजे रान. दिवसभर फर्ग्युसनमध्ये तास घ्यायचे आणि संध्याकाळी चारेक मैल चालत हिंगण्याला जायचं, बरेचदा आश्रमासाठी सामान घेऊन. तिथे पुन्हा शिकवायचं. पावसात तो रस्ता म्हणजे निव्वळ चिखल. आपण हॉस्टेल ते कॉलेज एवढ्या अंतरासाठी रिक्षा बघतो, असो.

आता मुद्द्यावर येतो. आश्रमात शिकायला कोण येत होतं? अठरा-वीस वर्षांच्या विधवा, काहींना अक्षरओळखही नाही. त्यांना नेहमीच्या वाटेने न्यायचं म्हणजे आधी मराठी इयत्ता, मग इंग्रजी शाळा, मग मॅट्रिक, मग कॉलेज. पस्तिशी उलटेल! १९०७ मध्ये कर्व्यांनी कुमारिका आणि विवाहितांसाठीही महिला विद्यालय सुरू केलं. तिथे अडचण उलटी होती. मुलीचं लग्न ठरलं की शाळा सुटली. हातात मिळणारी वर्षं थोडी, आणि ती कधी संपतील याचा भरवसा नाही. म्हणजे कर्व्यांपुढे वेळ हा कठोर कन्स्ट्रेंट होता. गणिताच्या माणसाने तो बदलता येत नाही हे मान्य केलं आणि बाकीची गणितं मांडली.

कधीतरी त्यांच्याकडे जपानमधल्या स्त्रियांच्या विद्यापीठाची एक पुस्तिका आली होती. टोकियोचं ते विद्यापीठ १९०१ साली स्थापन झालेलं. पुस्तिका आली तेव्हा त्यांनी ती फारशी न वाचता बाजूला ठेवली. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईला सामाजिक परिषद भरणार होती आणि तिचं अध्यक्षपद कर्व्यांकडे आलं. भाषणाची तयारी करताना ती पुस्तिका पुन्हा हाती लागली आणि या वेळी त्यांनी ती नीट वाचली. परिषदेत त्यांनी स्त्रियांच्या वेगळ्या विद्यापीठाची कल्पना मांडली आणि दुसऱ्याच वर्षी, १९१६ मध्ये, विद्यापीठ सुरूही झालं. वय वर्षं अठ्ठावन्न. सरकारी मदत नाही, इमारत नाही, विद्यार्थिनी मूठभर. डॉ. रामकृष्ण भांडारकर कुलपती आणि रँग्लर परांजपे कुलगुरू.

त्या विद्यापीठाची पदवी तीन वर्षांची होती. मुंबई विद्यापीठात तेव्हा मॅट्रिकनंतर चार वर्षं लागत. पदवीचं नाव होतं गृहीतागमा, म्हणजे जी. ए. आता एक वर्ष आलं कुठून? मला वाटतं इथे आपण इंजिनिअर लोकांनी थांबून बघायला हवं. कारण आमच्या क्लासवाल्यानेही वेळ कमी केला होता आणि कर्व्यांनीही. पण दोघांनी कापलं ते वेगळं.

कर्व्यांनी पहिल्यांदा शिकवण्याचं माध्यम बदललं. इतिहास असो की आणखी काही, विषय मातृभाषेतून शिकवायचा, परीक्षाही मातृभाषेतून. विचार करा, तेव्हाचा विद्यार्थी इतिहासाचं एक पान वाचताना अर्धी शक्ती भाषा उलगडण्यात घालवत होता. जे समजलं नाही ते पाठ करत होता, कारण दुसरा मार्गच नव्हता. भाषेचा हा अडथळा काढला की दोन गोष्टी एकदम होतात. वेळ वाचतो आणि विषय आतपर्यंत जातो. एरवी आपण धरून चालतो की वेळ वाचवला तर खोली जाणार आणि खोली हवी तर वेळ लागणार. इथे एकाच फेरफाराने दोन्ही साधलं. कर्व्यांनी स्वतः उशिरा इंग्रजी गिरवून मॅट्रिकला तेविशी गाठली होती. हा अडथळा किती वर्षं खातो हे त्यांना दुसऱ्याने सांगायची गरज नसावी.

पण त्यांनी इंग्रजी टाकून दिली नाही. माध्यम मराठी, आणि इंग्रजी हा विषय मात्र सक्तीचा. जगाशी संबंध ठेवायला ती लागणारच. यावर गांधीजींशीही त्यांचं पूर्ण जमलं नाही. मातृभाषेतून शिक्षण गांधीजींना पटत होतं, इंग्रजीची सक्ती पटत नव्हती. कर्वे आपल्या मतावर राहिले. म्हणजे काय काढायचं याइतकंच काय काढायचं नाही हेही त्यांनी ठरवलं होतं. आमच्या गठ्ठ्यात ही निवड नव्हती. तिथे पेपरात काय येईल एवढाच हिशेब होता.

दुसरं म्हणजे शिकणाऱ्याच्या रोजच्या आयुष्यातलं पुस्तकात आणलं. आरोग्यशास्त्र, गृहशास्त्र, मानसशास्त्र यांना जागा दिली. घरी आजारी मूल असेल तर वर्गात शिकलेलं त्याच संध्याकाळी वापरता यावं. यावर आज आपण आक्षेप घेऊ शकतो आणि तेव्हाही घेतला गेला. बाईने घरच सांभाळायचं हे धरून अभ्यासक्रम का? मला हा आक्षेप खरा वाटतो. आपल्या वर्गातल्या मुली लेथवर काम करतात, त्यांना कुणी गृहशास्त्राची सक्ती केली तर त्या ऐकून घेणार नाहीत आणि घेऊही नये. पण जे हाताशी आहे त्याला धरून शिकवलं की ते लवकर आणि पक्कं बसतं, हे शिकवण्याचं तत्त्व मात्र चुकीचं ठरत नाही. बाबांनी मला एका डब्याच्या आधारे जे समजावलं ते याच तत्त्वावर.

तिसरी गोष्ट म्हणजे कर्व्यांनी मास्तर कापला नाही. आश्रमात शिकणारी आणि शिकवणारी माणसं एकाच आवारात राहत. अडलं की विचारायला माणूस समोर. पूर्वीच्या कितीतरी विद्यार्थिनी पुढे तिथेच शिकवायला लागल्या. वर्षं कमी झाली तरी विद्यार्थी आणि शिक्षक यांचा सहवास कमी झाला नव्हता. फळा भरून पुसणाऱ्याला हे कुठून जमणार?

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर ही नुसती आरती होईल. कमी वर्षांची, मराठीतली पदवी म्हणजे स्वस्तातली पदवी असं तेव्हा पुष्कळांना वाटलं, आणि त्यांत सुधारणेच्या बाजूचे लोकही होते. मुली मुलांच्या बरोबरीने मुंबई विद्यापीठात शिकू लागल्या असताना त्यांना वेगळ्या आणि सोप्या रांगेत कशाला उभं करता, असा त्यांचा सवाल होता. त्याहून मोठी अडचण सरकारी मान्यतेची. ती नसल्यामुळे पदवी हातात घेऊन बाहेर पडलेल्या मुलीला ती पदवी म्हणजे काय हे प्रत्येक ठिकाणी समजावत बसावं लागे. कायद्याने मान्यता मिळून विद्यापीठ वैधानिक झालं ते १९५१ मध्ये. १९१६ ते १९५१, पस्तीस वर्षं! अभ्यासक्रम कितीही चांगला असो, बाहेरच्या जगाने त्याचा शिक्का मानला नाही तर त्याची किंमत शिकणाऱ्याला मोजावी लागते. साताऱ्याच्या दारावर अण्णांना जे झालं, तेच त्यांच्या विद्यार्थिनींना झालं. हे वाचताना मला वाईट वाटलं. पण त्यांनी मान्यता मिळेपर्यंत शिकवायचं थांबवलं असतं, तर त्या पस्तीस वर्षांतल्या मुलींनी काय करायचं होतं?

पैशांचा प्रश्न १९२० मध्ये बराचसा सुटला. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपये द्यायचं ठरवलं आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं नाव मिळालं. आपण ज्याला एसएनडीटी म्हणतो ते हेच. १९३६ मध्ये त्याचा कारभार मुंबईला आला. चर्चगेटजवळच्या त्याच्या आवारावरूनही मी तितक्याच वेळा न बघता गेलोय.

अण्णा स्वतः मात्र थांबायला तयार नव्हते. १९२९ मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, ते विद्यापीठाची माहिती सांगायला आणि निधी गोळा करायला जगाच्या प्रवासाला निघाले. युरोपातल्या शिक्षण परिषदांत बोलले, बर्लिनला आइन्स्टाइनना भेटले, अमेरिकेला गेले आणि ज्या जपानी विद्यापीठाची पुस्तिका वाचली होती ते डोळ्यांनी बघून आले. नंतर आफ्रिकेतही जाऊन आले. १९३६ मध्ये ज्या खेड्यांत शाळाच नाहीत तिथे शाळा काढायला त्यांनी मंडळ स्थापन केलं, तेव्हा वय अठ्ठ्याहत्तर. १९४४ मध्ये जातिभेदाविरुद्ध समता संघ. १९५५ ला पद्मविभूषण, १९५८ ला शंभराव्या वर्षी भारतरत्न, आणि ९ नोव्हेंबर १९६२ ला, एकशे चार वर्षांचे असताना, पुण्यात देहावसान.

आपल्या कामाची एक गोष्ट सांगायची राहिली. हिंगण्याच्या त्याच संस्थेने १९९१ मध्ये मुलींसाठी इंजिनिअरिंग कॉलेज काढलं, कमिन्स कॉलेज. एसएनडीटीनेही १९९७ मध्ये जुहूला मुलींसाठी अभियांत्रिकीची संस्था सुरू केली. विधवांना अक्षरं शिकवणाऱ्या आश्रमाच्या जागी आज इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅब आहेत. ज्यांनी अभ्यासक्रम घरकामात अडकवला असा आक्षेप घेतला त्यांना यापेक्षा चांगलं उत्तर काय द्यायचं? पहिला अभ्यासक्रम हा शेवटचा नव्हता, एवढंच.

हे सगळं वाचून मी पुन्हा माझ्या केटीकडे आलो. पुढच्या सुट्टीत आम्ही पाच डिप्लोमावाल्यांनी भाईंदरलाच राहायचं ठरवलं. बाबांच्या मालकांनी गाळ्यावरचा माळा रात्री वापरायला दिला. प्रेस आठला बंद झाली की आम्ही वर चढायचो. हातात सहाच आठवडे, म्हणजे क्लासवाल्याने घेतले होते तेवढेच.

पहिला आठवडा एकही गणित न सोडवता गेला, फक्त यादी केली. एम-थ्री नेमकं कशावर उभं आहे? पार्शल डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशनच्या दोन-तीन पद्धती, कॉम्प्लेक्स नंबर, मॅट्रिक्स. बाकीचं धाडसाने बाजूला ठेवलं. त्यांतल्या दोन गोष्टी पुढे नडल्या, ते कबूल करतो. दुसरा नियम, पुस्तक मिटून दुसऱ्याला आपल्या भाषेत सांगायचं. मराठी, हिंदी, मालवणी, काहीही चालेल. सूत्र इंग्रजीतच लिहायचं, पण ते काय म्हणतंय हे आपल्या शब्दांत. ई टु द आय थीटा म्हणजे वर्तुळावर फिरणारा काटा, हे आमच्यातल्या एकाला सायकलच्या पेडलवरून समजावताना मला स्वतःला पहिल्यांदा समजलं. त्या एकाच गोष्टीवर तीन रात्री गेल्या. क्लासने ती दहा मिनिटांत उरकली होती. पण त्या तीन रात्रींनंतर पुढची वीस गणितं आपोआप सुटत गेली, म्हणजे हिशेब वेळेच्याच फायद्याचा.

आणि दर तिसऱ्या संध्याकाळी जेसल पार्कला खाडीकाठी जायचं, वही न घेता. आधीच्या दोन रात्रींचं तोंडी आठवायचं. समोर पुलावरून विरार लोकल धडधडत जायची आणि आम्ही हवेत बोटाने इंटिग्रल काढत बसलेलो. लोक बघायचे. आमच्यासाठी ती भट्टी होती, दोन दाबांच्या मधली.

पाचांपैकी चार जण सुटलो. मला बावन्न मिळाले. टॉपर वाचत असतील तर हसू नका, आधीच्या वेळी एकोणीस होते. पाचवा पुढच्या खेपेला सुटला. गावी गेलेला मित्र मात्र परत आला नाही. त्याला फोन केला होता, पण तोवर त्याने नोकरी धरली होती. त्याच्यात बुद्धी कमी नव्हती. त्याला जो कोर्स मिळाला तो वाईट आखलेला होता, आणि त्याची किंमत त्याने मोजली. ही गोष्ट लिहायचं खरं कारण तोच आहे.

ज्युनिअर मंडळींनी आणि सरांनी-मॅडमनीही यावर विचार करावा. थेट दुसऱ्या वर्षाला येणारे पुढच्या वर्षीही येतील, त्यांच्याजवळही वेळ नसेल. कोर्स छोटा करावाच लागेल. पण छोटा करताना अडथळे कापा, समज कापू नका, आणि समजावणारा माणूस तर मुळीच कापू नका. मास्तरांनी हे १९१६ साली करून दाखवलंय. त्यांच्याजवळ इमारत नव्हती, आपल्याजवळ निदान मेसचा हॉल आहे.

परीक्षा संपल्यावर सुट्टीत रोज रात्री साडेआठला, जेवणं झाली की, त्याच हॉलमध्ये आम्ही चौघं बसणार आहोत. फी नाही, गठ्ठा नाही. ज्याला एम-थ्रीची भीती वाटते त्याने यावं. चहा आपापला.

– अंतिम वर्ष, यांत्रिकी अभियांत्रिकी
(हॉस्टेलमध्ये भाईंदर या नावाने विचारावे)